राखेतली मटकी

मन्मथआप्पांच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी ‘न्हाई’ हा शब्द नव्हता. साबुदाणा मागा, नसला तर आप्पा म्हणायचे, “निघालाय,” म्हणजे वाटेवर आहे. हिंग मागा, “निघालाय.” माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तसे सगळेच दुकानदार शब्द जपून वापरतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. पण हे ‘निघालाय’ आप्पांचं स्वतःचं होतं. एकदा मी वैतागून विचारलं, “अहो आप्पा, तुम्ही मागवलाच नाही, तर निघाला कुठून?” तर पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसून ते शांतपणे म्हणाले, “तुमी मागितला म्हंजे निघालाच की बाई. कुनी मागितल्याबिगर माल निगत न्हाई, आन मागितल्यावर ऱ्हात न्हाई.”

मी साबुदाणा दुसरीकडून आणला.

मी तेव्हा कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे आणि आप्पांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. तोंडाची फटकळ म्हणून मी गल्लीत प्रसिद्ध. घरमालकाशीही भांडायचे, नळावरून, उंदरांवरून. आप्पा भांडायचे नाहीत. उंच, काटकुळा माणूस. पांढरं धोतर, बंडी, लिंगायत म्हणून गळ्यात चांदीच्या पेटीत लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बायको लवकर गेलेली. घरात ते आणि त्यांचा मुलगा बसवराज, एवढंच.

पोत्यात हात घालायची त्यांना खोडच होती. स्वतःच्या दुकानात घालायचेच, दुसऱ्याच्या दुकानात गप्पा मारायला गेले तरी घालायचे. “वर काय हाय ते गिऱ्हाईक बगतंय, तळात काय हाय ते दुकानदारानं बगावं.” आणि गल्ल्याखाली एक मोठा पत्र्याचा डबा. त्यात गोवरीची चाळलेली राख आणि राखेत मटकी. पेरायला मटकी पाहिजे असली की तालुक्यातले शेतकरी आप्पांकडंच यायचे. बाकीचे दुकानदार पावडरी टाकायचे, आप्पा राखेवर ठाम. “राखंत ठिवलेलं बी किडत न्हाई. वर्सानं काढा, दोन वर्सानं काढा, मोड येनारच.” असं म्हणून स्वतःच्या कपाळाकडं बोट करायचे. “आमी बी राख लावतो ते उगं न्हाई.” आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसायचे. समोरचे दोन दात नव्हते.

बसवराजला सगळी गल्ली बसू म्हणायची. बी. कॉम. अर्धं सोडलेलं पोरगं, पण हुशार, हातापायाचं चपळ, जिभेचंही. देशात नवी नवी चॅनेलं आली तेव्हा यानं एका मित्राला धरलं आणि अर्ध्या माजलगावात केबल टाकली. गच्चीगच्चीवरून तारा ओढत माकडासारखा फिरायचा. आप्पांना किराणा सोडून हे काय, असं वाटायचं, पण बोलले नाहीत. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचे, “पोरगं आता आभाळातला माल विकतंय.”

त्या मोठ्या थाळीसारख्या अँटेनाला आमच्याकडं छत्रीच म्हणतात. एका दुपारी वारं सुटलेलं असताना बसू दुमजली इमारतीवर छत्री बसवत होता. वाऱ्यानं ती उचलली, आणि यानं सोडली नाही. नवीन होती, महाग होती, कशी सोडील? खाली विटांचा ढीग होता. जीव वाचला. कमरेखाली मात्र सगळं गेलं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, मणक्यातला मज्जारज्जू तुटलाय, तो पुन्हा जुळत नसतो. हाड जुळतं, कातडी जुळते, ही दोरी जुळत नाही. आप्पांनी विचारलं, “आज न्हाई का कवाच न्हाई?” डॉक्टर बिचारे दमलेले असतील. म्हणाले, “आज तरी जगात कुठं औषध नाही.”

आप्पा गावी आले. मी दारातच उभी होते. काय म्हणाले डॉक्टर, विचारलं. आप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “निघालंय, बाई.”

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो. आत जाऊन भांडी आपटत बसले.

त्या दिवसापासून आप्पांनी पोराला बसू म्हणणं सोडलं. तोंडातच येईना त्यांच्या. गल्लीतल्या बाया सवयीनं “कसा हाय आमचा बसू?” विचारायच्या आणि आप्पांचा चेहरा कसनुसा व्हायचा. ते त्याला ‘राजा’ म्हणायला लागले. बसवराजमधलं बसणं काढून टाकलं आणि राज तेवढं ठेवलं. बसूच एकदा मला म्हणाला, “मॅडम, नाव बदलून मानूस उभा ऱ्हात आसता तर आख्खी मोंढ्यातली हमाली मी केली आसती.”

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, तिचा ताप, पुन्हा नळी. आप्पा सगळं स्वतः करायचे. बाई ठेवा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. फक्त जेवायचे नाहीत. ताटात भाकरी कुस्करायची आणि ताट सारायचं. तंबाखू तेवढी दिवसभर तोंडात. दोन-तीन वर्षांत माणूस वाळून काठी झाला. मी म्हणायचे, “आप्पा, तुम्ही पडलात तर याचं कोण करील?” ते म्हणायचे, “म्या कशाला पडतो?”

आणि मग ती बातमी आली.

दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. त्यातल्या एका कागदावर कोपऱ्यात चार ओळी होत्या. परदेशात कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठीचा कणा दुखावलेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत काही पेशींचं रोपण केलं, आणि लुळे उंदीर पुन्हा पाय हलवायला लागले. बातमी तशी खरीच होती, मीही दुसरीकडं वाचली होती. पण घोटाळा केला तो भाषांतर करणाऱ्यानं. मज्जापेशी तयार होण्याच्या आधीची जी कोवळी पेशी असते, तिला त्यानं मराठीत लिहिलं, ‘पूर्वज पेशी’. त्या माणसाला मी आजही शिव्या घालते. अरे, पूर्वपेशी म्हण, मूळपेशी म्हण, काहीही म्हण. पूर्वज?

आप्पा तो कागद घेऊन माझ्या दारात आले. डोळ्यांत वेगळीच चमक होती. “बाई, हे वाचा बरं.”

मी वाचलं. “बरोबर आहे, आप्पा. पण हे अजून उंदरांवर चाललंय.”

“पूर्वज पेशी लिवलंय न्हवं?”

“लिहिलंय.”

“मंग त्याचा पूर्वज कोन? आमीच की!” त्यांनी छातीवर हात ठेवला. “माझ्या घ्या म्हनावं.”

मी कपाळाला हात लावला. शिक्षकी पेशा, चुकीचं उत्तर समोर दिसत असताना गप्प बसायची मला सवय नाही. आप्पांना ओट्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं. पूर्वज म्हणजे बापजादे नव्हेत. ही पेशी म्हातारी नसते, उलट अगदी कोवळी असते. माझ्या अकरावीच्या वर्गातल्या पोरासारखी. पुढं काय व्हायचं ते पुरतं ठरलेलं नसतं. मज्जातंतूची होईल, नाही तर त्याच्या आवरणाची होईल, नाही तर त्यांना सांभाळणारी होईल. अशी पेशी तुटलेल्या जागी ठेवली तर ती तिथं रुजेल आणि ती वाट पुन्हा जोडील, अशी आशा आहे. नुसती आशा.

आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. पोत्यात हात घातल्यावर मिटायचे तसे. मग म्हणाले, “म्हंजे मोड.”

“हं. मोड म्हणा.”

“मोड जुन्या मटकीला बी येतेत बाई. नीट ठिवली पायजे.”

“अहो, त्या पेशी गर्भातून घेतात! जन्माला न आलेल्या पिल्लाच्या!”

हे ऐकून ते दचकले.  “लेकराच्या? दुसऱ्याच्या लेकराच्या घेऊन माज्या लेकराला? न्हाई न्हाई. त्यापरीस माज्याच घ्या.” देऊ केलेल्या गोष्टीला थेट ‘न्हाई’ म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग उठता उठता त्यांना दुसरं काही तरी टोचलं. “आन उंद्राचा नंबर आधी लागला व्हय? जल्मभर आमची पोती फोडली, वर दवा बी त्यालाच!”

पण गंमत अशी की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानातले पिंजरे काढून टाकले. धान्याचा व्यापारी आणि उंदीर मारत नाही! मोंढा हसायला लागला. मी नेहमीप्रमाणे भांडायला गेले, माझ्याही घरात सुळसुळाट झालेला. आप्पा म्हणाले, “त्यो आपल्या राजाच्या आधी लायनीत हुबा हाय बाई. त्याला मारून कसं चालंल?”

तंबाखू सुटली. चुन्याची डबी त्यांनी स्वतःच्या हातानं हमालाला देऊन टाकली. पहाटे धरणाच्या कालव्याच्या कडेनं चालायला जायला लागले. भाकरी, तीळ, हिरवी भाजी, आणि मागून खायला लागले. राग करायचे नाहीत, रागानं पेशी जळतात म्हणून. हे मी सांगितलेलं नव्हतं, कुठून काढलं देव जाणे. आंघोळीनंतर विभूती आता नुसती कपाळाला नाही, दंडाला, छातीला, पाठीला हात पुरेल तिथवर. बी राखत होता माणूस स्वतःच्या आत.

एक दिवस म्हणाले, “बाई, माज्या पेशी बगता येतील का? किडल्यात का धड हायत?”

रविवारी प्रयोगशाळा रिकामी असते. मी त्यांना घेऊन गेले. चप्पल बाहेर काढून आत आले, देवळात यावं तसे. गालाच्या आतून काडीनं खरवडलं, काचपट्टीवर पसरलं, निळा रंग टाकला. हा प्रयोग मी दर वर्षी पोरांकडून करून घेते, त्यात काही विशेष नाही. आप्पांना एक डोळा मिटायला जमेना, मी हातानं झाकला.

बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

“ह्यो मी हाय?”

“तुमच्या गालातला तुकडा आहे.”

“लई निवांत हाय की.” मग हळूच, “जित्या हायत का?”

“नाही, आप्पा. रंग टाकला की मरतात.”

त्यांना वाईट वाटलं. मेल्या त्या मेल्या, पण टाकू नका म्हणाले. काचपट्टी कागदात गुंडाळून बंडीच्या खिशात घातली आणि घरी नेली. बसू तेव्हा दुकानात गादीवर टेकून बसायला लागला होता, गल्ला सांभाळायचा. आप्पांनी काचपट्टी उजेडाला धरली. निळा ठिपका तेवढा दिसत होता. “ह्या बग राजा. किडल्याल्या न्हाईत. बाईंनी तपासल्यात.”

बसूनं काचपट्टी हातात घेतली. खूप वेळ बघितली. “लई भारी, आप्पा,” म्हणाला. आप्पा आत चहा ठेवायला गेले तशी त्यानं तोंडावर हात दाबून धरला. मला वाटलं हसतोय. हसत नव्हता.

“बसू,” मी म्हटलं, “मी त्यांना सांगितलंय रे, सगळं सांगितलंय. ते ऐकतच नाहीत.”

“आता परत नका सांगू, मॅडम. मला कळतंय की. औषध आलंच तर कवा तरी दुसऱ्या कुनासाठी येईल, माज्यासाठी न्हाई. पर मी पडल्यापास्नं त्यांनी भाकर मागितली नव्हती. आता मागतेत. कशापायी त्यांची आस मोडायची?” मग म्हणाला, “दोघांतला एक तरी चालतोय ना.”

मी पुन्हा सांगितलं नाही.

आप्पांचा हिशोब सरळ होता. नवा माल आधी मुंबईला येतो, मग पुण्याला, मग औरंगाबाद, मग बीड, मग आपण. शांपूच्या पुड्या अशाच आल्या. बाटलीतलं थंड असंच आलं. गावात टेलिफोनचे बूथ आले, तेही असेच. “ज्या रस्त्यानं छत्री आली, त्याच रस्त्यानं दवा येनार. सरकारनं आता दार उघडलंय न्हवं? मंग?” कंपन्यांचे टाय लावलेले विक्रेते नव्या पुड्या घेऊन दुकानात यायचे, आप्पा त्यांना पाणी द्यायचे आणि विचारायचे, “तुमच्या कंपनीत ते पेशीचं काय हाय का?” पोरं गालात हसायची. त्यातल्या एकानं चेष्टेनं पेन काढलं, “किती बॉक्स टाकू आप्पा?” गादीवरून बसूनं किलोचं वजन फेकून मारलं. विक्रेता वाचला, कपाटाची काच फुटली. आप्पा काचा गोळा करत राहिले. “राग नगं करू राजा,” एवढंच म्हणाले.

त्यांना पाहिजे होतं तरी काय? एकदा बोलून गेले. “मला काय त्यो पळायला नगं हाय, बाई. चार पावलं. मी जाईन तवा मोंढ्यातनं वेशीपातुर खांदा दिला म्हंजे झालं. बापाला लेकाचा खांदा लागतोय.” मग स्वतःच गोंधळले. “पर पूर्वज व्हायचं तर आधी जावं लागतंय. गेलो तर पेशी मिळतेत, आन मिळूस्तवर खांद्याची येळ टळतीय. ह्याचं गनित काय बसंना.”

“बसणार पण नाही,” मी म्हटलं, “म्हणून जगा.”

अशी वर्षं गेली. पुडीतला शांपू बाटलीत आला, बूथ जाऊन खिशातले फोन आले, दुकानासमोर चकचकीत दुकानं झाली. ते काही आलं नाही. आप्पा कालव्यावर चालत राहिले, सत्तरीतही ताठ. एका थंडीत, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते भरलेले असताना, त्यांना ताप आला आणि छातीत उतरला. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की “उद्या बगू.” शेवटी नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथून स्वतःच्या हट्टानं घरी परत आले.

मी शेजारी बसले होते. श्वास लागत होता, तरी डोळे टक्क उघडे. “बाई, आमच्यात जाळत न्हाईत. बसवून पुरतेत. बरं हाय न्हवं? बी जाग्यावर ऱ्हातंय.”

“आप्पा, गप पडा बरं.”

“माल आला की राजाला म्हनावं, माज्या पेशी घे. मला कुटं ठिवलंय ते त्याला म्हाईत आसंल.”

आयुष्यभर पोरांची चुकीची उत्तरं लाल शाईनं खोडली मी. “बरं, सांगते,” म्हणाले.

सकाळी आप्पा गेले.

त्यांच्यात माणसाला मांडी घालून बसवतात. विभूती लावून, डाव्या तळहातात लिंग देऊन, सजवलेल्या डोलीत बसवून नेतात. बायाही जातात, म्हणून मी गेले. डोली उचलली तेव्हा बसूची तीनचाकी सायकल एका माणसानं ढकलत डोलीशेजारी घेतली. खांदा तर देता येत नव्हता. बसूनं हात वर केला आणि डोलीच्या बांबूला खालून तळवा लावला. मोंढ्यातून वेशीपर्यंत, वेशीपासून स्मशानापर्यंत, त्यानं तो हात खाली घेतला नाही. दंड थरथरायला लागला तसा दुसऱ्या हातानं आधार दिला. 

खड्ड्यात आप्पांना बसवलं. पाठ ताठ, डोळे मिटलेले, अगदी पोत्यात हात घातल्यासारखे. इतकी वर्षं त्यांना मी पोरापुढं उभंच पाहिलं होतं. आता बाप खाली बसला होता आणि लेक वर, काठावर, सायकलीत बसला होता. विधी करणाऱ्या जंगम स्वामींनी मंत्र म्हटले, बेलाची पानं टाकली, विभूती टाकली. आता माती लोटायची म्हणून माणसं फावडी उचलायला लागली.

“थांबा,” बसू म्हणाला.

त्याच्या मांडीवर दुकानातला तो पत्र्याचा डबा होता. कधी आणला, कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. झाकण उघडून त्यानं तो स्वामींपुढं धरला. “ही घाला. सगळी.”

“विधीची राख झाली बाळा,” स्वामी हळू म्हणाले. “एवढी लागत नाही.”

“लागती,” बसू म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. “घाला स्वामी. आप्पा किडता कामा न्हाईत.”

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. मी डबा घेतला, खाली वाकले आणि आप्पांच्या खांद्यावरून, मांडीवर, हातांवर राख ओतली. तिच्याबरोबर तळाची थोडी मटकीही पडली. ती कोणी वेचली नाही.